निरोगी भाग लागेपर्यंत

"कीड ती कीड! दातात असो नाहीतर लाकडात, माझ्या हातून जिवंत सुटत नाही!"

असं म्हणून डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली आणि पाण्याचा ग्लास आडवा केला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही असं ज्यानं कोणी म्हणून ठेवलंय, त्यानं आमच्या या डॉक्टरांना पाहिलं नव्हतं. यांचं पोट दात कोरूनच भरलं होतं, आणि चांगलं टेबलाला टेकेल इतकं भरलं होतं! पण सासरेबुवांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "काही अचाट पाहिलं की लोक स्वतःच्या तोंडात बोटं घालतात," ते चारचौघांत सांगायचे, "आमचे जावईबापू दुसऱ्याच्या घालतात. त्यापलीकडे त्या बोटांना काम माहीत नाही."

तेच सासरेबुवा आत्ता समोर बसले होते आणि विषय होता मागच्या अंगणातला कॅम्पर. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. मोटारीच्या मागे अडकवायची आणि ओढत न्यायची. मागे पलंग, मध्ये टेबल, पुढे शेगडी आणि डोक्यावर छताला एक छोटी खिडकी. सासरेबुवांनी तो तरुणपणी घेतला होता. डॉक्टरीणबाईंच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. खिडक्यांना आईनं शिवलेले पडदे अजून तसेच होते. आई गेली, फिरणं थांबलं आणि कॅम्पर लेकीच्या अंगणात येऊन उभा राहिला. तेव्हापासून तो नुसता भिजत होता.

"वास येतो त्याला आता," सासरेबुवा म्हणाले. "मला बघवत नाही. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. ट्रक घेऊन येईल."

 डॉक्टरीणबाईंनी ताट उचललं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. आता बायको भांडली असती तर डॉक्टर निवांत जेवले असते. पण ती गप्प झाली म्हटल्यावर त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, आणि मग ते कीड-बिड काय ते बोलून गेले.

सासरेबुवा हसले. "तुम्ही? दुरुस्त करणार?"

"त्यात काय आहे, बाबा? किडलेलं काढायचं, पोकळी साफ करायची, भरायची, वर घासून पॉलिश! आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

"ठीक आहे. रविवारी मी छतावर बादल्यांनी पाणी ओतणार. आत एक थेंब जरी पडला तर कॅम्पर भंगारात. नाही पडला तर तुमचा. पुन्हा जन्मात भंगाराचं नाव काढणार नाही."

"बादल्या कशाला? विहीर ओता!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! रोज शंभर जिभा आणि शंभर टाळू बघणाऱ्या माणसानं तरी जरा सांभाळून राहावं की नाही? पण स्वयंपाकघराच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की डॉक्टरांना शब्द मागे घेणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कॅम्परमध्ये शिरले ते पूर्ण तयारीनिशी. तोंडाला मास्क, कपाळाला दिवा, हातात मोजे आणि ट्रेमध्ये बारीक आरसा, चिमटा, टोकदार सळी. मदतनीस म्हणून डॉक्टरीणबाई. पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग होता.

"किरकोळ आहे," डॉक्टर म्हणाले. मग सवयीनं भिंतीला म्हणाले, "थोडंसं लागेल हं."

"चूळ भरायला सांगू का तिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी सळीचं टोक डागावर टेकवलं. सळी आत गेली. आणखी जराशी टोचली, तर मुठीपर्यंत गेली! बाहेर काढली तर टोकाला ओला, काळपट, कुजक्या पानांसारखा लगदा.

"हं. मूळ खोल आहे."

आता दातांच्या डॉक्टरांचा एक नियम असतो. किडलेला भाग कोरत जायचा, कुठपर्यंत? तर निरोगी भाग लागेपर्यंत. मध्ये थांबायचं नाही. थोडी जरी कीड आत ठेवली आणि वरून भरलं तर वर्षभरात दात गेलाच म्हणून समजा. नियम सोन्यासारखा आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कुठेतरी निरोगी भाग आहे!

डॉक्टर कोरत गेले. डाग गेला, कोपरा गेला, कोपऱ्यामागची पट्टी गेली. "सक्शन!" म्हणाले की डॉक्टरीणबाई झाडलोटीच्या मशीनची नळी पुढे करायच्या. ती नळी भुसा ओढायची, लगदा ओढायची, एकदा डॉक्टरांचा मोजाही ओढला. भिंतीची फळी गेली. फळीमागची चौकट पाहिली तर ती बिस्किटासारखी हातात मोडली. पलंगाखालचं लाकूड तपासलं, तेही तसंच. मग जमीन. जमिनीवर डॉक्टरांनी जरा जोर देऊन पाय ठेवला आणि तो पाय थेट अंगणातल्या गवतावर टेकला.

"अहो, लागला का निरोगी भाग?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही," एक पाय कॅम्परमध्ये आणि एक पाय गवतात असे डॉक्टर म्हणाले. "पण जवळ आलोय."

दुपारपर्यंत कॅम्परच्या मागच्या अर्ध्या भागात बाहेरचा पातळ पत्रा, वरचं छत आणि पडदे एवढंच शिल्लक उरलं होतं. पलंग विटांवर टेकवून ठेवला होता. डॉक्टरीणबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, काल निदान पडदे भिंतीला तरी होते."

डॉक्टरांनी हातातले मोजे काढले.  "अगं, दवाखान्यात गेलो की सुताराला फोन करतो. तो आला की चुटकीसरशी होईल!"

सुतार म्हणजे नाक्यावरचा दाढीवाला सुतार. डॉक्टरांचं त्याच्याशी दुहेरी नातं होतं. दवाखान्याची कपाटं त्यानं केली होती, आणि त्याची खालची दाढ डॉक्टरांनी तपासून ठेवली होती. दाढ आतून पोखरलेली होती. तिचा फोटो काढला, त्यानं तारीख घेतली आणि त्यानंतर तो असा काही गायब झाला की डॉक्टर समोरून दिसले तर हा गल्ली बदलायचा! कापायचं तर लाकूड, स्वतःला कापून घ्यायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसे.

संध्याकाळी दवाखाना पेशंटनी भरलेला. आत खुर्चीवर एक बाई तोंड उघडून पडलेल्या, बाहेर बाकावर सात-आठ जण. दार उघडं. डॉक्टरांनी एका हातानं बाईंच्या तोंडात कापूस कोंबला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

"हॅलो! डॉक्टर बोलतोय! अहो, आतून पार सडलंय!"

 पलीकडून बारीक आवाज, "पार?"

"पार म्हणजे पार! वरून बघून काही कळत नव्हतं. आज नीट पाहिलं. नुसती सळी लावली तर आरपार गेली!"

"फोटोत दिसलं का, डॉक्टर?"

"फोटो कसला, डोळ्यांनी दिसतंय! आणि वास! आत डोकं घातलं की गरगरतं!"

"बायको काही बोलली नाही हो कधी..."

"माझी बायको तर रडायच्या बेतात आहे! हे बघा, आता अर्धवट काही ठेवायचं नाही. मागची सगळी बाजू काढून टाकायची. रविवारच्या आत. करवत लागेल. माझ्याकडे एवढी मोठी नाही, तुमचीच घेऊन या."

"माझी करवत?"

"हो, आणि पटाशी, हातोडी, मोठी पक्कड. आणि धरायला दोन दणकट माणसं आणा. मागच्या वेळी एकट्यानं धरताना सगळं हललं होतं!"

सुताराच्या घशातून कसलातरी आवाज आला. मग तो म्हणाला, "डॉक्टर, भूल..."

"छे हो! भूल नाही, चूक नाही! मी स्वतः उभा राहतो ना शेजारी!"

फोन बंद झाला. डॉक्टरांनी समाधानानं मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी! कापसासकट बाई गेल्या होत्या. बाहेर डोकावले तर बाकही रिकामा. फक्त एक आजोबा टेकून बसले होते, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या नातसुनेनं धावत परत येऊन त्यांनाही उठवून नेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुताराच्या घरी गेले. सुताराची बायको दार अर्धंच उघडून म्हणाली, "ते माहेरी गेलेत."

"कोणाच्या?"

"माझ्या. रविवारनंतर येतील. आणि डॉक्टर, गरीब माणसाशी असं वागू नये हो! दोन माणसं लावून धरायचं, स्वतःचीच करवत आणायला लावायची, आणि वर भूल नाही म्हणता! एका दाढेसाठी?"

डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी कॅम्पर, पलंग, सासरे सगळं समजावून सांगितलं. ती अगदी शांतपणे ऐकत होती, ऐकून झाल्यावर तिनं दार लावलं. आतून कडीचा आवाज आला, मग वरच्या बोल्टचाही आला.

बरं, गावभर झालेलं काय निस्तरणार? "डॉक्टर करवत चालवतात" ही बातमी संध्याकाळपर्यंत "डॉक्टरांनी एकाचा जबडा काढला" इथवर पोहोचली होती. ज्यांचे दात दुखत होते त्यांचेही राहिले! दवाखान्यात माशीसुद्धा तोंड मिटून बसायला लागली. नाही म्हणायला एक फायदा झाला. डॉक्टरांना वेळच वेळ मिळाला. आणि रिकामा वेळ, मोडलेला कॅम्पर आणि स्वतःच्या हातांवर असा अढळ विश्वास असल्यावर काय होणार, सांगा!

"सुतार हवाय कशाला?" डॉक्टर बायकोला म्हणाले. "दाताला सुतार लागतो का? पोकळी झालीय, भरून टाकू."

"कशानं?"

"साच्याच्या प्लास्टरनं! कवळ्यांचे साचे करतो ते. पाण्यात कालवलं, ओतलं, घट्ट. दगड म्हणजे दगड!"

"अहो, पण दात केवढा आणि हा केवढा..."

"तत्त्व तेच आहे गं."

डॉक्टर दुकानात गेले आणि त्यांनी प्लास्टरची पोती मागितली. दुकानदारानं आजवर त्यांना डबे दिले होते. तो म्हणाला, "हत्तीची कवळी करताय की काय?" डॉक्टरांनी रविवारपर्यंत पाच खेपा केल्या. शेवटच्या खेपेला दुकानदारानं विचारणं सोडलं आणि नुसता नमस्कार केला.

आधी छत. छताच्या खिडकीभोवतीचं जुनं रबर फाटलं होतं, पाणी तिथूनच मुरत होतं. डॉक्टरांनी साचे घ्यायचं गुलाबी रबर आणलं आणि खिडकी चहूबाजूंनी अशी लिंपली की ती आता उघडणार नव्हती आणि गळणारही नव्हती. लांबून छताला हिरड्या आल्यासारख्या दिसत होत्या. मग भिंत. आतून फळ्यांचा आडोसा करून त्यांनी प्लास्टर ओतलं. भिंत झाली! पलंगाखाली ओतलं. मग जमिनीची भोकं. इथे मात्र जरा घोडं पेंड खात होतं. बादली ओतली की प्लास्टर नाहीसं व्हायचं. पुन्हा ओतलं, पुन्हा नाहीसं.

"अहो, हे जातंय कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पोकळी खोल आहे. भरत राहायचं. थांबायचं नाही."

कधीतरी ती भरली. डॉक्टरांनी घासून, पुसून, पॉलिश करून मागची सगळी बाजू अशी पांढरीशुभ्र केली की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. डॉक्टरीणबाईंनी पडदे धुऊन परत लावले. पलंगावर चादर घातली, बसून बघितलं. पलंग हलला नाही, कुरकुरला नाही. त्या कितीतरी वेळ तिथेच पडद्याची कड चाचपत बसल्या. "इथूनच आई मला तळं दाखवायची," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना भरून आलं. एवढं बायकोचं तोंड हसरं पाहिलं म्हणजे दवाखाना बंद पडला तरी चालेल, असं त्यांना त्या क्षणी खरोखर वाटलं.

रविवार उजाडला. सासरेबुवा आले ते बादल्या घेऊनच. मागोमाग ट्रक आला आणि भंगारवाला त्याला टेकून उभा राहिला. सासरेबुवा शिडीवर चढले. पहिली बादली ओतली. आत डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई छताकडे बघत उभे. थेंब नाही. दुसरी, तिसरी, चौथी. सासरेबुवांना दम लागला पण हट्ट सुटेना. शेवटी त्यांनी अंगणातला पाइप लावला. पाणी धो धो वाहिलं, चारी बाजूंनी अंगणात उतरलं, भंगारवाल्याच्या चपला भिजल्या. आत मात्र कोरडं ठणठणीत!

सासरेबुवा खाली उतरले. आत आले. भिंतीवरून हात फिरवला, पलंगावर बुक्की मारून पाहिली, आणि हात झटकत ओरडले, "अगं आई गं!" मग पडद्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी पडद्याची एक चुणी हातानं सरळ केली.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी हरलो. आणि हरल्याचा मला आनंद झालाय. मलाही कुठे तो भंगारात घालायचा होता! नुसता सडताना बघवत नव्हता, म्हणून. आज हिच्या आईला..."  त्यांनी जावयाला मिठी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मिठी ही पहिलीच! डॉक्टरांनी डोळे पुसले, तर बाहीला लागलेलं प्लास्टर डोळ्यांत गेलं आणि ते जास्तच रडल्यासारखे दिसले.

"चला, एक चक्कर मारू!" सासरेबुवांना एकदम उत्साह आला. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. चिऊ, तू बस तुझ्या जागेवर."

डॉक्टरीणबाई लहान मुलीसारख्या पळत जाऊन पलंगावर बसल्या. सासरेबुवांनी मोटार आणून कॅम्पर मागे जोडला. डॉक्टर शेजारच्या सीटवर, छाती पुढे काढून. मोटार सुरू झाली, पण कॅम्पर हलेना.

"वजन वाढलंय जरा," डॉक्टर म्हणाले. "मजबुती आली ना."

सासरेबुवांनी ॲक्सिलरेटर दाबला. मोटार गुरगुरली. आणखी दाबला. मागून एक आवाज आला. तो आवाज डॉक्टरांनी आयुष्यात हजारदा ऐकला होता, पण एवढ्या मोठ्या मापात कधीच नाही. घट्ट रुतलेली दाढ एकदाची सुटते ना, तो! आणि मोटार झोकात फाटकातून बाहेर पडली.

"बघा, कशी हलकी चालतेय!" सासरेबुवा म्हणाले.

हलकी चालणारच! कोपऱ्यावर वळताना त्यांनी आरशात पाहिलं. कॅम्परची पुढची बाजू होती, सगळं छत होतं, चाकं होती, टेबल होतं, शेगडी होती. त्यामागे भिंत असायला हवी तिथे रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर सायकलवाला थांबून आत बघत होता.

"जावईबापू," सासरेबुवा अगदी हळू म्हणाले, "माझी मुलगी कुठे आहे?"

दोघं धावत परत आले. अंगणात, होती त्याच जागी, कॅम्परची मागची बाजू ताठ उभी होती. पांढरी भिंत, खिडकी, पडदे, पलंग, आणि पलंगावर डॉक्टरीणबाई. वर छत म्हणून आकाश. डॉक्टरांनी वाकून खाली पाहिलं आणि प्लास्टर कुठे जात होतं ते त्यांना कळलं. भोकांतून खाली उतरून ते मातीत भरलं होतं, विटांना धरून घट्ट झालं होतं. इतकी वर्षं त्यांनी मुळासकट दात काढले होते. हा पहिलाच, ज्याला त्यांनी स्वतः मुळं लावली होती!

"चिऊ, लागलं का गं?" सासरेबुवांनी विचारलं.

"नाही, बाबा. मला वाटलं, तुम्ही पुढे जाऊन माझ्यासाठी थांबाल." आणि त्या हसायला लागल्या. पोट धरधरून हसल्या, हसता हसता रडल्या, पुन्हा हसल्या. सासरेबुवा आधी रागानं बघत राहिले. मग तेही फसकन हसले आणि लेकीशेजारी पलंगावर बसले.

डॉक्टरांना मात्र हसू येईना. ते खालमानेनं भंगारवाल्याकडे गेले. "घेऊन जा," ते म्हणाले. "हरलो मी."

भंगारवाल्यानं फाटकाबाहेरचा पुढचा भाग पाहिला. मग आत येऊन मागच्या भागाभोवती एक फेरी मारली. बोटानं टिचकी मारली. बोट झटकलं.

"हे नाही चालणार, साहेब."

"का?"

"आम्ही भंगार घेतो. पत्रा, लोखंड, तांबं, पितळ. हा राडारोडा आहे. आणि तोही पायासकट. हे न्यायला मी नाही, बुलडोझर लागेल." जाता जाता त्यानं ओल्या चपला झटकल्या. "पुढचा भाग नेला असता, पण त्यात म्हणावं तर लाकूडच जास्त. तेही सडकं!"

ट्रक निघून गेला. म्हणजे कॅम्पर वाचला! भंगारात घेतच नाही म्हटल्यावर भंगारात जाणार कसा? डॉक्टरांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. ते पलंगाजवळ गेले.

"बाबा, काळजी करू नका! पुढचा भाग इकडे आणतो, मध्ये थोडी फट राहील, ती—"

"हात लावायचा नाही!" बापलेक एका सुरात ओरडले.

डॉक्टर दोन पावलं मागे सरले. पडदे वाऱ्यावर हलत होते. बापलेक पलंगावर मांडी घालून कुठल्याशा जुन्या तळ्याबद्दल बोलायला लागले होते, आणि डॉक्टरांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"मग मी काय करू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चहा आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केलेला आहे. नुसता आणा. अहो, करायला जाऊ नका!"